केजीच्या आधी घरात काय शिकवावे?

दिवाळी झाली की नाशिकमध्ये शाळाप्रवेशाचे वारे वाहू लागतात. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, कुठेही जा, चौकाचौकांत प्लेग्रुप-नर्सरीचे फलक लागलेले असतात आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलांचे आईबाप एकमेकांना विचारत असतात, "तुमच्याकडे काय काय येतं त्याला?" रंग येतात, फळं येतात, एबीसीडी झेडपर्यंत येते, आता वन टू हंड्रेड सुरू केलंय. ज्यांचे मूल यातले काही म्हणत नाही, ते धास्तावतात. त्याच आठवड्यात त्या घराच्या भिंतीवर तक्ता लागतो आणि मुलाच्या हातात पेन्सिल येते.

मूल शाळेत जाण्याआधी त्याला घरी शिकवावे का, आणि शिकवायचे तर काय, हा प्रश्न मराठी मुलखाला नवा नाही. गेल्या शंभर वर्षांत त्यावर आपल्याकडे मोठ्या मनाच्या माणसांनी आयुष्ये वेचली आहेत. जगात इतरत्र झालेले संशोधनही आता हाताशी आहे. ते सगळे समोर ठेवून पाहिले तर माझे मत असे बनते की घरी शिकवावे, भरपूर शिकवावे. पण आज घरोघरी ज्याला शिकवणे म्हणतात, त्यातले बहुतेक थांबवावे. आणि ज्या घरांत आईबापांना मुलाशी दोन शब्द बोलायलाही उसंत नाही, त्यांच्याकडे आपले लक्ष आधी जायला हवे.

आपल्याला वाटते की बालवर्ग ही मूळ गोष्ट आणि घरचे शिकवणे ही त्याची पूर्वतयारी. इतिहास उलटा आहे. सतराव्या शतकात कोमेनियस या मोराव्हियातल्या शिक्षणतज्ज्ञाने माणसाच्या शिक्षणाच्या पायऱ्या मांडल्या, तेव्हा पहिल्या सहा वर्षांच्या शाळेला त्याने आईच्या मांडीवरची शाळा म्हटले. पाऊस, दगड, दूध, कालचा दिवस, आजचा दिवस यांची ओळख त्या मांडीवर व्हावी, असे त्याने लिहून ठेवले. १८०१ साली पेस्टालोझीने आपला शिक्षणविचार मांडला तो गर्ट्रूड नावाच्या आईचे नाव पुस्तकाला देऊन. १८३७ मध्ये जर्मनीत पहिले किंडरगार्टन काढणाऱ्या फ्रोबेलने आया मुलांशी बोटांचे, टाळ्यांचे, लपाछपीचे कोणते खेळ खेळतात हे बारकाईने पाहिले आणि १८४४ मध्ये त्यांचे पुस्तकच काढले. आपल्या आजीने नातवाला मांडीवर घेऊन खेळवलेली आपडी-थापडी हा त्याच जातीचा खेळ. म्हणजे ज्या केजीची तयारी म्हणून आपण घराची शाळा करू पाहतो, ती केजीच मुळात घराकडे पाहून तयार झालेली आहे.

आपल्याकडे हा विचार आला तो गुजरातच्या वाटेने. गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक १९२३ मध्ये तिथे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला आणि मराठी 'शिक्षणपत्रिके'च्या संपादक म्हणून ताराबाईंनी वर्षानुवर्षे आईबापांशी संवाद केला. मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, त्याला मारून काय होते, हे त्या काळी मराठीत इतक्या सरळपणे दुसरे कोणी लिहीत नव्हते. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार निघाले. या सगळ्यांनी ज्यांच्या बालशिक्षणपद्धतीतून प्रेरणा घेतली, त्या मारिया माँटेसरी स्वतः भारतात आल्या १९३९ साली. त्याआधीच त्यांचा विचार इथल्या मातीत रुजवण्याची खटपट सुरू झाली होती.

पण ताराबाईंना शहरी बालमंदिरात समाधान नव्हते. १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. अनुताईंचा नाशिकशी जुना संबंध: १९२९ पासूनची चारेक वर्षे त्यांनी चांदवड भागातल्या शाळांत शिकवले होते, त्यानंतर पुण्याच्या हुजूरपागेत. बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर या दोघींना दिसले ते असे की पाड्यावरची मुले बालवाडीत येतच नाहीत. त्यांच्या अंगावर धाकटे भावंड असते, नाहीतर गुरे असतात. तेव्हा बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. तिचे नाव अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणून विकासवाडी केली, कारण धाकट्याची सोय झाली तरच थोरली बहीण शाळेत बसू शकत होती. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने, गोटे आले. शिकवण्याचे सगळे सामान मुलाच्या घरात आणि घराभोवती आधीच असते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली, तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले: अंगणवाडी.

हा वारसा असताना आज नाशिकमधल्या सुशिक्षित घरात तीन वर्षांच्या मुलापुढे ठिपके जोडून अक्षरे गिरवायची वही कशी आली?

शाळाप्रवेशाची भीती हे त्याचे एक कारण. १९९३ साली यशपाल समितीने दप्तराच्या ओझ्यावरचा अहवाल दिला, त्यात नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात अशी स्पष्ट शिफारस होती. कोवळ्या मुलांवर वाचन, लेखन आणि अंकांचा मारा करणे ही हिंसा आहे, अशा कडक भाषेत समितीने बालवर्गांबद्दल लिहिले. शिफारशीला तीस वर्षे उलटली. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण तो सहा ते चौदा वयोगटासाठी. सहाच्या आतल्यांबद्दल सरकारने सोय करावी एवढेच कलम ११ मध्ये आहे. त्यामुळे तीन ते सहा वर्षांचे मूल कायद्याच्या उंबरठ्याबाहेर राहिले आणि ज्याला जसे सुचले तसे बालवर्ग निघाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला, २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडाही आला आणि त्यात खेळ, गोष्टी, गाणी, हाताने करायच्या गोष्टी यांवर भर आहे. कागद चांगला आहे. पालक मात्र अजून आधीच्याच भीतीत जगतात.

लिहिण्यापासूनच सुरुवात करू, कारण घराघरातली सर्वाधिक रडारड त्यावरूनच होते. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकेक करून टणक होत जातात. तीन वर्षांच्या मुलात त्यातल्या निम्म्यांनीही ती वाट धरलेली नसते. बोटांच्या चिमटीची ताकद, खांदा स्थिर ठेवून फक्त बोटे हलवणे, डोळ्याने पाहिलेली रेघ हाताने काढणे, हे सारे चौथ्या-पाचव्या वर्षी हळूहळू जुळते. त्याआधी पेन्सिल दिली की मूल ती मुठीत धरते, सगळा हात फिरवते आणि तीच पकड अंगवळणी पडते. पहिलीच्या बाईंना मग ती सोडवत बसावे लागते. घराला करता येण्यासारखे काम त्याआधीचे आहे. कणकेचा गोळा मळायला द्यावा, लसूण सोलायला बसवावे, मेथीची पाने खुडायला द्यावीत, अंगणात खडूने हवे ते रेघाटू द्यावे, चिमट्यांनी कपडे वाळत घालू द्यावेत. जुन्या पिढीत दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून पूजा होई आणि मुलाच्या हातात पाटी-पेन्सिल येई ती साधारण पाचव्या वर्षी. पाच वर्षे लाड करावेत असे सांगणारे संस्कृत सुभाषितही सगळ्यांना पाठ असे. त्या माणसांनी हाडांचे फोटो पाहिले नव्हते. मुले मात्र पुष्कळ पाहिली होती.

मोजण्याचे तसेच. गेल्या हिवाळ्यात पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत शेजारच्या आजींना साडेतीन वर्षांच्या नातवासोबत मटार सोलताना मी पाहिले. पोरगा शेंग दाबून फोडायचा, दाणे ताटलीत पाडायचा आणि बोट लावून मोजायचा. पाच, सहा, आठ. आजींनी सात राहिले असे म्हटले नाही. आपली शेंग त्याच्यापुढे उघडली आणि म्हणाल्या, "माझ्यात बघ बरं, तुझ्यापेक्षा जास्त का कमी?" त्याने दोन्ही शेंगांतले दाणे समोरासमोर मांडले, एकाला एक लावून. आजींचा एक दाणा उरला. "तुझा जास्ती," तो म्हणाला आणि आपल्या शेंगेत आणखी एक लपलाय का ते पुन्हा पाहू लागला. तेवढ्यात एका शेंगेतून अळी निघाली. मग ती काय खाते, तिची आई कुठे असेल, तिला घरी सोडायचे म्हणजे कुठे सोडायचे, अशी चर्चा बराच वेळ चालली. देठ, फोलपट, कोवळी, जून, पोचट हे शब्द मध्येमध्ये येत गेले. मोजणे म्हणजे एका वस्तूला एक शब्द देणे आणि शेवटचा शब्द हा सगळ्यांचा मिळून आकडा असतो हे कळणे. ते ताटलीतल्या दाण्यांतून कळते. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या पुष्कळ मुलांना सात बिस्किटे आणून दे म्हटले की ती मूठभर आणतात.

मराठीत तर संख्यांची नावेच अवघड आहेत. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी. एकोणतीस हा शब्द तीस ऐकवतो आणि आकडा विशीतला असतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी पर्यायी नावे आली तेव्हा केवढा गदारोळ झाला आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना किती टीका सोसावी लागली, ते आठवत असेल. नावे बदलावीत की नाही यावर दोन मते असू शकतात. पण सातव्या-आठव्या वर्षीही मुले या नावांशी झुंजतात, हे नारळीकरांचे निरीक्षण खरे होते आणि आपण तेच तीन वर्षांच्या मुलाकडून तोंडपाठ करून घेतो. या वयाला दहापर्यंतचे आकडे पुरेत, पण ते पक्के हातात आलेले असावेत.

आता सगळ्यात महत्त्वाचे ते बोलणे. मासेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातला दिवसभराचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांच्या मेंदूचा अभ्यास केला. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले यापेक्षा मोठ्या माणसाने बोलणे, मुलाने उत्तर देणे, मोठ्या माणसाने त्याला धरून पुढे बोलणे, अशा किती फेऱ्या झाल्या याचा भाषेच्या केंद्रांशी अधिक संबंध दिसला. टीव्ही दिवसभर बोलत असतो, पण मुलाने काही म्हटले तर थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दोन वर्षांच्या आत पडदा नको, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, असे सांगितले आहे. 'शैक्षणिक' ॲपला त्यात वेगळी सूट नाही.

फेऱ्या व्हायच्या तर भाषा दोघांच्याही तोंडात बसलेली हवी. इथे मला आपल्या मध्यमवर्गीय घरांबद्दल खरोखर काळजी वाटते. "ॲपल खा, वॉटर पी, तो बघ डॉगी" असे ज्याच्याशी दिवसभर बोलले जाते, त्या मुलाला इंग्रजीही मिळत नाही आणि मराठीही मिळत नाही. आईला इंग्रजीत जेवढी नामे येतात तेवढ्याच गोष्टींवर घरात बोलणे होते. का, कसे, नाहीतर, म्हणूनच, असे असते तर, हे विचाराचे सांधे त्या बोलण्यात येतच नाहीत. चिऊचे घर मेणाचे आणि काऊचे शेणाचे असे का, पाऊस आल्यावर काय झाले असेल, चिऊने दार उघडले नाही ते बरोबर केले का, हे आजीला मराठीत विचारता येते आणि नातवाला मराठीत सांगता येते. जे मूल एका भाषेत कारण सांगायला शिकले, त्याला ते दुसऱ्या भाषेत नेता येते. २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नाही यावर अख्खा महाराष्ट्र पेटला आणि सरकारला २९ जूनला निर्णय मागे घ्यावे लागले. ती चर्चा हवीच होती. पण पहिलीच्या आधीच्या तीन वर्षांत मुलाच्या घरातली भाषा कशी पातळ होत चालली आहे, यावर त्या वेळी फारसे कोणी बोलले नाही.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. बागलाण-कळवणात घरी अहिराणी, सुरगाण्यात कोकणा बोली, मालेगावच्या यंत्रमागाच्या वस्त्यांत उर्दू. तिथल्या आईने पुस्तकी मराठी बोलण्याचा प्रयत्न करू नये. तिने आपल्या बोलीत बोलावे, गोष्टी सांगाव्यात, कोडी घालावीत. अंगणवाडीत सेविका त्याच गावची असेल तर ती दोन्ही भाषांतून ये-जा करते आणि मूल तिच्यामागून सहज येते.

पुस्तकांचे थोडक्यात. वाचून दाखवणे हा घरच्या शिक्षणातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. मराठीत आता माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'सारखी लहानांची उत्तम चित्रपुस्तके आहेत, प्रथम बुक्सची आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची आहेत. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय नाशिकच्या मध्यवस्तीत आहे. मुलाला बोटाला धरून वाचनालयात नेणे आणि त्याला पुस्तक निवडू देणे याला पैसे फार लागत नाहीत. तेच पुस्तक वीस वेळा वाच म्हणाले तर वीस वेळा वाचावे. पुढचे वाक्य आपणच म्हणता येते याचा त्याला होणारा आनंद हीच वाचनाची सुरुवात आहे. गमभन त्यानंतर येऊ दे.

या सगळ्याचा खरेच उपयोग होतो का, असे कोणी विचारले तर जमैकाचे उत्तर द्यावे. किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी कुपोषणाने वाढ खुंटलेली १२९ मुले निवडली, वय नऊ ते चोवीस महिने. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात. बरोबर घरीच केलेली खेळणी नेत: बाटलीच्या झाकणांची, पुठ्ठ्याची, कापडाची. त्या मुलाला शिकवत नसत. आईला मुलाशी खेळायला, त्याच्याशी बोलायला, त्याने काही केले की शाबासकी द्यायला शिकवत. वीस वर्षांनंतर ही मुले बाविशीत आली तेव्हा ज्यांच्या घरी सेविका गेली नव्हती त्यांच्यापेक्षा त्यांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. वाढ न खुंटलेल्या मुलांना त्यांनी कमाईत गाठले होते. आठवड्याला एक तास, पुठ्ठ्याची खेळणी आणि आईचा वाढलेला विश्वास, एवढ्यावर हे झाले. हाच प्रयोग पुढे ओडिशात कटकच्या वस्त्यांतही करून पाहिला गेला.

इंग्लंडमध्ये १९९७ पासून तीन हजारांवर मुलांचा माग ठेवणारा एक मोठा अभ्यास झाला. वाचून दाखवणे, गाणी, चित्रे, वाचनालयात नेणे, अक्षर-आकड्यांशी खेळणे, हे ज्या घरांत नेहमी होत होते तिथली मुले पुढे होती. आईबापांचे शिक्षण आणि नोकरी यांपेक्षा ते घरात मुलाबरोबर काय करतात हे जास्त मोलाचे ठरले. पदवी नसलेल्या आईला हे मुद्दाम सांगायला हवे. उलट बाजूला अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा अनुभव आहे. तिथल्या सरकारी बालवर्गांत सोडतीने प्रवेश मिळालेली मुले सुरुवातीला पुढे होती, पण २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत सहावीपर्यंत ती प्रवेश न मिळालेल्यांच्या मागे पडलेली दिसली, अभ्यासात आणि शिस्तीतही. लहानांना लवकर बाकावर बसवले म्हणजे भलेच होते, असे मानणाऱ्यांनी हे वाचायला हवे. भारतातही राजस्थान, आसाम आणि त्या वेळच्या आंध्रात झालेल्या अभ्यासाने २०१७ मध्ये दाखवले की अंगणवाडीत खेळण्या-शिकण्याला फारसा वेळ मिळत नाही आणि खासगी बालवर्ग लेखन-पाठांतराच्या मागे असतात. या वयाला साजेसे शिक्षण दोन्हींकडे कमीच. फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी पहिलीत जाते, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याआधीची वर्षे तिथे खेळात जातात आणि त्या खेळामागे प्रशिक्षित माणसे उभी असतात, हेही सांगायला हवे.

मूल घरीच ठेवावे, बालवर्गात घालूच नये, असे माझे म्हणणे नाही. कोरोनामुळे मार्च २०२० पासून २०२२ च्या सुरुवातीपर्यंत बालवर्ग बंद होते. त्या दोन वर्षांत घर एकटे सगळे पेलू शकत नाही हे दिसून आले. एकुलत्या मुलाला वाटून घेणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, भांडून पुन्हा खेळायला लागणे हे दुसऱ्या मुलांशिवाय येत नाही. आणखी एक गोष्ट आईबापांनी लक्षात ठेवावी: दोन वर्षे झाली तरी मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर घरच्या शिकवण्याने ते सुधारेल म्हणून वाट पाहू नये. कान तपासून घ्यावेत, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

कोरोनाच्या त्या काळातून एक चांगली गोष्ट उगवली. महाराष्ट्रात २०२२ मध्ये शिक्षण विभागाने प्रथम संस्थेच्या साथीने 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचे अभियान केले. एप्रिलमध्ये शाळेत मेळावा, मुलांनी एकेका टेबलावर उड्या, चित्रे, वर्गीकरण, गप्पा असे करत जायचे. आणि सुट्टीभर वस्तीतल्या आयांचे गट, त्यांच्या हातात सोप्या कृतींची कार्डे. चमचे-वाट्या लहान-मोठ्या लावा, भाज्या रंगांनुसार वेगळ्या करा, पायऱ्या मोजत चढा. चार आया ओट्यावर जमतात, एक वाचते, बाकीच्या मुलांना घेऊन करतात. ताराबाईंच्या अंगणवाडीच्या जवळ जाणारे गेल्या कित्येक वर्षांतले हे काम. राज्याचा 'आकार' हा अंगणवाडीचा अभ्यासक्रम आहे, २०२४ मध्ये केंद्राचा 'आधारशिला' आला. सेविकेच्या डोक्यावरची नोंदणी, वजने, आहार, मोबाइलवरची माहिती भरण्याची कामे कमी झाल्याशिवाय हे अभ्यासक्रम रोज मुलांपर्यंत पोचणार नाहीत.

आणि आता ज्या घरांत मुलाशी बोलायलाही उसंत नाही त्यांच्याकडे, म्हणजे द्राक्षबागांकडे. जानेवारीत दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतच्या कोणत्याही बागेत गेलात तर मांडवाच्या तारेला बांधलेली झोळी दिसेल. ऑक्टोबरच्या छाटणीपासून सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, हरसूल भागातल्या मजुरांच्या टोळ्या इकडे येतात. विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणे), मग काढणी, असे करत एप्रिलपर्यंत थांबतात. काम उक्ते असते, जितकी बाग उरकेल तितके पैसे. सकाळी लवकर भाकरी थापून आई मांडवाखाली जाते ती संध्याकाळीच मोकळी होते. तीन-चार वर्षांची मुले बांधावर खेळतात, झोळीतल्याला सात-आठ वर्षांची बहीण झोका देते. या आईला मुलाशी बोलावेसे वाटत नाही असे नाही. तिच्या बोलीत गाणी आहेत, झाडापाखरांची नावे आहेत, रानभाज्यांचे ज्ञान आहे, जे कोणत्याही बालवर्गात मिळणार नाही. तिच्याकडे दिवसाचा उजेड नाही, तो बागेने घेतला आहे. घरी शिकवण्यावरचे आपले सगळे लेखन जिला वेळ आहे अशा आईला धरून चालते, माझेही इथवरचे बरेचसे.

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले, पण उक्त्या कामावर आलेली दहा-पंधरा जोडप्यांची टोळी त्यात बसत नाही. राज्याच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणकप्रणाली सुरू केली आहे. मूल कुठल्या गावातून कुठे गेले ते त्यात कळू शकते, आणि पोषण आहार मागोमाग पोचवता येतो. शिक्षण तसे पोचत नाही, कारण ज्या गावात टोळी उतरते तिथल्या अंगणवाडीत कोकणा बोलणारे कोणी नसते आणि अंगणवाडी बागेपासून लांब असते.

यावर करण्याजोगे काम आहे आणि नाशिकच्या बागायतदारांच्या आवाक्यातले आहे. द्राक्ष निर्यातीसाठी बागेतल्या औषधांची, पाण्याची, मजुरांच्या हातमोज्यांची नोंद ठेवायला आपण शिकलो. त्याच शिस्तीने चार-पाच शेजारच्या बागांनी मिळून एक सावलीची शेड द्यावी. टोळीतल्याच एका बाईला पूर्ण हजेरी देऊन मुलांजवळ बसवावे; तिची बोली मुलांची बोली असेल. गावच्या अंगणवाडी सेविकेने आठवड्यातून दोनदा तिथे येऊन तिला खेळ आणि गोष्टी दाखवाव्यात, जमैकातल्या आरोग्यसेविकांसारखे. बिया, काड्या, खडे तिथेच पडलेले असतात. ऑक्टोबरला सुरू करून एप्रिलला टोळी परत निघेल तेव्हा त्या बाईने हे काम आपल्या पाड्यावर चालू ठेवावे आणि तिचे मानधन तिथल्या अंगणवाडीतून निघावे.